थोडा वेळ चालू राहू दे

थोरल्याला धाकट्याला एक वाक्य सांगायचं होतं. वाक्य काही मोठं नव्हतं. 'तुझी गाडी झकास झालीय,' एवढंच. पण एवढं बोलायला त्याला अर्धं आयुष्य लागलं. तोवर ती गाडी भंगारात गेली होती आणि त्या भंगाराचे कुठे कुठे खिळेही झाले असतील.

गॅरेज बापाच्या हातचं. शहराच्या वरच्या अंगाला, वळणावळणाचा लांब चढ जिथे संपतो तिथेच फाटक. खालून येणारी गाडी दमून-तापून बरोबर फाटकाशी उसासे टाकायची, त्यामुळे गिऱ्हाइकाला हाका मारायची कधी पाळी आली नाही. बाप गेल्यावर थोरला इंजिनं बघायला लागला आणि धाकटा त्याच्या हाताशी आला. आई वरच्या मजल्यावर राहायची. खालून ठोकाठोकीचा आवाज आला नाही तर तिला घास गिळवत नसे.

दोघा भावांना वेड एकच होतं, इंजिनाचा जोर वाढवायचा. वेड एकच असलं की भांडण दुप्पट होतं.

इंजिनाचं म्हणजे चुलीसारखंच. नुसती लाकडं कोंबून जाळ होत नाही, वारा लागतो. आत जास्त वारा गेला तर जास्त पेट्रोल जळतं, आणि जास्त जळलं की गाडी पळते. म्हणजे इंजिनाला फुंकणी हवी. फुंकणी हवी याबद्दल भावांचं एकमत. ती फुंकायची कोणी, यावरून सगळं रामायण.

थोरला सुपरचार्जरवाला. त्याची फुंकणी पट्ट्यावर चालायची. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा घ्यायचा आणि त्यावर फुंकणी फिरवायची. इंजिन फिरलं की ती फिरली. पाय दाबला की त्याच क्षणी जोर हजर. धाकटा टर्बोवाला. त्याची फुंकणी इंजिनाच्या धुरावर चालायची. एका दांडीला दोन चाकं, एक धुराच्या वाटेत, एक वाऱ्याच्या. बाहेर जाणारा धूर पहिलं चाक फिरवतो, ते दुसऱ्याला फिरवतं आणि दुसरं इंजिनात वारा कोंबतं. फक्त धूर पुरेसा साचेपर्यंत थांबावं लागतं.

"तुझी फुंकणी इंजिनाच्याच जिवावर जगते, दादा," धाकटा म्हणायचा. "घरात कमावणारा एक. त्याच्याच ताटातलं खायचं आणि वर त्यालाच म्हणायचं, लाव जोर!"

"पण हाक मारली की ओ तरी देते. तुझ्या टर्बोचं काय? पाय दाबला की गाडी विचारात पडते. जाऊ का नको, जाऊ का नको. आणि मग अंगात आल्यासारखी उधळते."

"जो धूर तू नुसता हवेत सोडतोस, त्यातून मी काम काढतो."

"हो ना, उकिरड्यावर जगणारी फुंकणी ती!"

मग वरून आईचा आवाज यायचा, "जेवायला या आता. फुंकण्या खालीच ठेवा."

गावात दोघांना नावं पडली होती. थोरला 'पट्टेवाला' आणि धाकटा 'शिट्टी', कारण टर्बोला जोर चढला की तो बारीक शीळ घालतो. कचेरीतल्या शिपायालाही पट्टेवालाच म्हणतात, म्हणून धाकटा सकाळी थोरल्यासमोर अदबीने उभा राहून विचारायचा, "साहेब आले का हो आत?" थोरला हातातलं फडकं फेकून मारायचा. तेव्हा हसत होते दोघंही.

हसणं बंद पडलं ते एका शिक्षकाच्या गाडीवरून. शिक्षकाला चढावर गाडी जड जाते म्हणून जोर वाढवून हवा होता. थोरला बाहेरगावी गेलेला असताना धाकट्याने तिला टर्बो बसवला. शिक्षक सावकाश चालवणारा माणूस. त्याने पाय कधी पुरता दाबलाच नाही, मग टर्बो जागा होणार कसा? तो आठवड्याने तक्रार घेऊन आला, तेव्हा धाकटा सामान आणायला खाली शहरात गेला होता. थोरल्याने गिऱ्हाइकासमोरच टर्बो उतरवला, आपला सुपरचार्जर चढवला आणि उतरवलेला टर्बो धाकट्याच्या बाकावर फडक्यात गुंडाळून ठेवला. गाठ घट्ट मारली होती. धाकट्याने परत आल्यावर ती गाठ सोडलीही नाही. तो म्हणाला, "दादा, मध्ये भिंत घालू."

आई म्हणाली, "खाली काय घालायच्या त्या घाला. माझ्या खोलीतून भिंत जायची नाही."

एका विटेची भिंत, घाईत घातलेली. शेजारी बसल्यासारखं पलीकडचं सगळं ऐकू यायचं. धाकट्याने त्या बाजूला स्वतःसाठी एक गाडी तयार करायला घेतली. वर्षातून एकदा त्या चढावर शर्यत व्हायची, लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे. धाकट्याचं म्हणणं असं की एकदा आपली टर्बोची गाडी पहिली आली की कोणाला काही समजावून सांगायला नको, गाड्या आपोआप फाटकाशी येतील. नाहीतर अर्ध्या गॅरेजात तो किती दिवस माश्या मारणार होता?

रोज संध्याकाळी तो गाडी खाली न्यायचा आणि चढावरून जीव तोडून वर आणायचा. वर आल्यावर फाटकाच्या आत ती उभी करून चालूच ठेवायचा. नुसती घुर्रर्र, घुर्रर्र. धूर भिंतीवरून थोरल्याकडे. थोरला त्या वेळी हातपाय धुऊन चहा घ्यायला बसलेला असायचा. त्याचं डोकं फिरायचं. मोठा पाना घ्यायचा आणि भिंतीवर दणादण हाणायचा.

"बंद कर ते घुरघुरणं! पेट्रोल काय नळाला येतं का?"

पलीकडे इंजिन घुरघुरतच राहायचं. समोरचा पंक्चरवाला मात्र रोज या वेळेला स्टूल टाकून मजा बघायला बसायचा. थोरल्याची बायको म्हणायची, "अहो, भिंतीने काय घोडं मारलंय तुमचं?"

"भिंतीने नाही, भिंतीपलीकडच्याने."

महिना-दीड महिना हे चाललं. मग एके दिवशी गाडी वर आली आणि फाटकाशी येताच गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. थोरल्याने पाना खुंटीला लावला आणि चहाचा घोट घेऊन बायकोला म्हणाला, "बघ. आला की नाही सुतासारखा सरळ?"

पुढे दोन महिने रोज गाडी फाटकाशी आली की लगेच गप्प. शर्यतीच्या आदल्या दिवशी धाकटा तापाने फणफणला. वरच्या खोलीत आईने त्याला दोन पांघरुणं घालून निजवलं होतं. दुपार कलली तशी आई जिना उतरून थोरल्याकडे आली. हातात गाडीची किल्ली होती.

"त्याने इंजिनात काहीतरी नवीन बसवलंय म्हणे. चढावर एकदा बघायला पाहिजे. त्याच्याने उठवत नाही. तू जाऊन ये."

"मी? त्याच्या गाडीत?"

"मग कोणाला सांगू, पंक्चरवाल्याला?"

थोरला वर गेला. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तोंड न वळवता म्हणाला, "दादा, एकच कर. वर आल्यावर लगेच बंद करू नकोस. थोडा वेळ चालू राहू दे. टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन बंद केलं की त्याला तेल मिळत नाही."

"मला इंजिन शिकवू नकोस, छोट्या."

"इंजिन नाही शिकवत. टर्बो सांगतोय."

थोरला किल्ली फिरवत खाली उतरला. मनात आलं, बघू तरी या उकिरड्यावरच्या फुंकणीत काय आहे ते.

चढाच्या पायथ्याशी त्याने गाडी वळवली आणि पाय दाबला. काही नाही. गाडी शिक्षकाच्या गाडीसारखी शहाण्यासारखी निघाली. थोरला मनात म्हणाला, हेच ते. म्हटलंच होतं मी. पहिलं वळण गेलं. पाय तसाच दाबलेला. आणि मग कुठूनतरी बारीक शीळ आली, केटलीत पाणी उकळायला लागल्यासारखी, आणि कोणीतरी पाठीत दोन्ही हात घालून ढकलावं तशी गाडी सुटली. झाडं मागे पळाली. थोरल्याची पाठ सीटला चिकटली. दुसऱ्या वळणावर त्याला गाडी आवरता आवरेना, तिसऱ्यावर तिचा स्वभाव कळला. वळणाच्या आधीच पाय द्यायचा, म्हणजे वळण संपताना जोर हातात येतो. माणूस ओळखून बोलायचं असतं तसंच ते. एकदा ओळखलं की मग काय विचारता.

माथ्यावर पोचला तेव्हा थोरला मोठ्याने हसत होता. एकटाच. बाप जिवंत असताना पहिल्यांदा गाडी चालवली होती, त्यानंतर तो असा हसला नव्हता. त्याने गाडी वळवली, खाली गेला आणि पुन्हा वर आला. मग पुन्हा. चढ संपतो कुठे आणि आपण सुरू होतो कुठे, हे कळेनासं झालं. आपल्या सुपरचार्जरला हे जन्मात जमायचं नाही, हे त्याला लख्ख कळलं. आणि नवल म्हणजे वाईट वाटलं नाही. छोट्याने केलंय हे. आपल्या छोट्याने.

शेवटच्या खेपेला तो फाटकातून आत शिरला तो वरच्या खिडकीकडे बघतच. बॉनेटच्या फटीतून आतला पाइप निखाऱ्यासारखा लाल दिसत होता, पण बघायला वेळ कोणाला होता? कधी एकदा वर जातो आणि सांगतो असं झालं होतं त्याला. आयुष्यभराच्या सवयीने त्याने गाडी थांबवली, किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि दार उघडं टाकून दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला. त्याच्या पट्ट्याच्या फुंकणीला असले लाड लागत नव्हते. गाडी थांबली की बंद, हेच त्याच्या हाताला ठाऊक.

धाकटा बिछान्यात उठून बसला होता. डोळे तापाने लाल.

"बंद केलीस?"

"अरे, ऐक तर आधी. तुझी गाडी..."

"लगेच बंद केलीस. मी इथून ऐकलं. एवढं एकच सांगितलं होतं."

थोरल्याच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच अडकलं. चूक झाली हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. पण चूक कळणं वेगळं आणि लहान भावासमोर कबूल करणं वेगळं.

"एका वेळेने काय आभाळ कोसळतं?"

"तुला बघवत नाही, दादा. सरळ सांग ना."

"बघवत नाही? मला?" थोरला जितक्या आनंदाने जिना चढला होता तितक्याच जोरात त्याला राग आला. "खड्ड्यात गेली तुझी गाडी आणि तू!" किल्ली पांघरुणावर फेकून तो खाली उतरला. आई दारात उभी होती. तिने बाजूला होऊन त्याला वाट दिली.

सकाळी धाकट्याचा ताप उतरला होता. तो शर्यतीला उतरला. थोरला आपल्या बाजूच्या फाटकाशी उभा राहून कान देत होता. खालून शीळ आली, चढत गेली, पहिलं वळण, दुसरं वळण. थोरल्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. आता दे, वळणाच्या आधी दे, असं तो पुटपुटत होता. आणि तिसऱ्या वळणावर शीळ किंचाळली आणि तुटली. मग निळा धूर झाडांवर चढताना दिसला.

गाडी ओढून वर आणली. फाटकाशी पंचवीस-तीस माणसं जमली. धाकट्याच्या तोंडावर तेलाचे शिंतोडे होते. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादाने मुद्दाम केलंय हे."

थोरला आत वळला. काय सांगणार होता? बंद तर त्यानेच केली होती.

धाकटा महिन्याभरात दूरच्या शहरात गेला. मेलेला टर्बो तेवढा बरोबर नेला, गाडी तिथेच सोडून. तिकडे एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या कामाला लागला, तिकडेच संसार केला. आईची वरची खोली भिंतीशिवायच राहिली, पण खाली अर्ध्यात आवाज उरला नाही. ती जेवताना कान देऊन बसायची. "तुझं ऐकू येतंय रे," थोरल्याला म्हणायची. पुढचं म्हणायची नाही.

आई गेली तेव्हा धाकटा आला. दोघे तिच्या खोलीत, तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसले. धाकटा म्हणाला, "दादा, त्या गाडीचं एक..."

थोरला म्हणाला, "आज गाडीचा विषय नको."

धाकटा दुसऱ्या दिवशी गेला.

काळ काय कोणासाठी थांबतो? पट्ट्याच्या फुंकण्या मागे पडल्या. ट्रकला टर्बो, दुधाच्या गाडीला टर्बो, पोरीसोरींच्या छोट्या गाड्यांनाही टर्बो. पट्टेवाल्याला टर्बो उघडायला शिकावं लागलं. शिकला. हात तेच होते. आणि एक खोड त्याला लागली. कोणीही गाडी फाटकाशी आणून बंद करायला गेला की तो आतून ओरडायचा, "थांबा! थोडा वेळ चालू राहू दे!" नव्या गाड्यांना त्याची फारशी गरज उरली नाही, त्यांना पाण्याने थंड करायची सोय असते. लोक सांगायचे तसं. तो म्हणायचा, "असेल. तरी राहू दे."

एकदा एक व्हॅनवाला बिघडलेला टर्बो घेऊन आला. म्हणाला, "काय हो हे! कालच एकदा गडबडीत लगेच बंद केली आणि आज खलास. एका दिवसात?"

थोरल्याने टर्बो उघडला. दांडीच्या भोवती तेल करपून काळी खरवड धरली होती. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी, थरावर थर.

"एका दिवसात कसली," थोरला हसून म्हणाला. "ही खरवड एका दिवसाची नाही, राव. रोजची आहे. रोज तापलेली बंद केल्याशिवाय..."

त्याने खरवडीवर नख ओढून बघितलं. पेचकस हातात तसाच.

हे तो कितीतरी गिऱ्हाइकांना सांगत आला होता. एकदा बंद केल्याने टर्बो मरत नाही, रोज केल्याने मरतो. दुसऱ्यांना सांगत होता, पण आपल्या घरातल्या गाडीला ते त्याने कधी लावून बघितलंच नव्हतं. त्याने तर छोट्याची गाडी एकदाच बंद केली होती. मग बाकीच्या दिवशी कोणी केली?

दोन दिवस तो कामात लक्ष नसल्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, "छोट्याकडे जाऊन येतो."

बायकोने त्याच्याकडे निरखून बघितलं. "भेटायला की भांडायला?"

"विचारायला."

"या वयात विचारून काय मिळवणार?"

"मी चोर नव्हतो, एवढं मिळवीन."

"आणि ते दुसरं? जे सांगायचंय ते?" तो कधी काही बोलला नसला तरी तिला ठाऊक होतं. ती त्या संध्याकाळी खालीच होती. नवऱ्याचं गाडीतलं हसू तिने फाटकाशी ऐकलं होतं.

"तेही बघू," थोरला म्हणाला.

धाकट्याचं घर एका शांत गल्लीत, तळमजल्यावर होतं. त्याची बायको लेकीकडे गेली होती. धाकटा दारात आला तेव्हा थोरल्याला क्षणभर बापच दिसला. तीच पुढे झुकलेली मान. धाकट्याने खुर्ची पुसून दिली, चहा केला. ओतताना कप अगदी डोळ्यांजवळ धरला. दोघांनी तब्येती विचारल्या. गुडघे, डोळे, साखर. 

खिडकीच्या कट्ट्यावर एक टर्बो होता. त्याचं पोट उघडं होतं, दांडी मधेच तुटलेली. त्यात कोणीतरी पेनं खोचून ठेवली होती. थोरल्याने तो बघता क्षणीच ओळखला. उठला आणि पेनं काढून उजेडात धरला. थरावर थर.

"छोट्या," तो म्हणाला. आवाज वर चढला नाही पाहिजे असं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण चढला. "ही खरवड माझी एका संध्याकाळची नाही."

"नाही," धाकटा म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"इथे आलो, त्याच आठवड्यात उघडला होता. तेव्हा."

"तेव्हा!" थोरला खाली बसला. "आणि मी इतकी वर्षं... सगळ्या लोकांदेखत म्हणालास मुद्दाम केलं. आई गेली रे तसंच समजून."

"आईला मी सांगितलं होतं. फोनवर." धाकटा चहाच्या कपात बघत होता. "ती म्हणाली, दादाला तूच सांग, मी मध्ये पडायची नाही. ती गेली तेव्हा तुला सांगणार होतो. तू म्हणालास विषय नको. मग मलाही बरंच वाटलं. गेलेला शब्द परत घ्यायला तोंड लागतं, दादा. ते माझ्याकडे कुठे होतं?"

थोरल्याला जे मिळवायचं होतं ते मिळालं होतं. पण आता आलाच आहे तर पुरतं जिंकून जावं असं त्याला वाटलं. माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही.

"म्हणजे रोज तूच तापलेली बंद करत होतास. मला शिकवत होतास थोडा वेळ चालू राहू दे म्हणून, आणि स्वतः? चोर सोडून..."

"तू पाना वाजवायचास ना," धाकटा म्हणाला.

तो हे रागाने म्हणाला नाही. भावाला एखाद्या विसरलेल्या वस्तूची आठवण करून द्यावी तसा म्हणाला.

"गाडी वर आणली की तू भिंत ठोकायचास. पंक्चरवाला समोर बसून हसायचा. वरून आई ऐकायची. रोज. शेवटी मला तो आवाज सोसेना. गाडी फाटकात शिरतानाच माझे खांदे वर जायचे, आता वाजेल, आता वाजेल. मग मी म्हटलं जाऊ दे, थोडंफार करपलं तर करपलं. लागलो बंद करायला. माझीच अक्कल, दुसरं काय."

थोरला कितीतरी वेळ तुटक्या दांडीवरून अंगठा फिरवत राहिला. अंगठा काळा झाला. बाहेर गल्लीत कोणीतरी गाडी आणून उभी केली आणि लगेच बंद केली. दोघांनी एकदमच खिडकीकडे मान वळवली.

"तुझी गाडी झकास होती, छोट्या," थोरला म्हणाला. "त्या दिवशी मी तेच सांगायला जिना चढत होतो. पहिल्या वळणानंतर असा जोर आला... मी हसत होतो वेड्यासारखा. म्हणून तर बंद करून पळालो. मी चारदा गेलो त्या चढावर. तुला म्हणायचं होतं, तू जिंकलास."

धाकट्याने मान वर केली. ओठ हलले, आधी हसल्यासारखे आणि मग तसे नाहीत.

"आत्ता सांगतोस होय," तो म्हणाला. "आणि म्हणे पाय दाबला की जोर हजर. पट्टेवाला!"

थोरलाही हसला. पण हसणं फार वेळ चाललं नाही. निघताना तो म्हणाला, "ये एकदा तिकडे." धाकटा म्हणाला, "बघू. गाडी चालवायची आता मला परवानगी नाही, डोळ्यांमुळे." थोरला म्हणाला, "मी न्यायला येतो." धाकट्याने मान हलवली. ते होकाराचं हलवणं होतं की नुसतंच, ते थोरल्याला कळलं नाही.

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. बायको पाणी घेऊन आली. त्याने पाणी घेतलं नाही. खुंटीवरचा मोठा पाना काढून तिच्या हातात दिला.

"मी पलीकडे जातो. मी हाक मारली की भिंतीवर मार. मी मारायचो तसा."

"अहो, वेड लागलंय का? शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"मार म्हणतो ना."

धाकट्याच्या बाजूला आता जुने टायर रचलेले होते. थोरला त्यांच्यामधून वाट काढत, गाडी उभी राहायची त्या जागेशी आला. भिंतीच्या त्याच्या बाजूला गिलाव्यात पान्याचे खळगे होते, ते त्याला माहीत होते. भिंतीची ही बाजू त्याने कधी निरखून बघितलीच नव्हती. या बाजूने विटा मध्येच फुगल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून भुगा गळून जमिनीवर एक रेघ पडली होती.

"मार," तो म्हणाला.

आवाज भिंतीतून आलाच नाही. तो डोक्यातच फुटला. वरचा पत्रा थरथरला, टायरांवरची धूळ उडाली आणि थोरल्याचे दोन्ही खांदे आपोआप कानांपर्यंत वर गेले.

"एवढ्या जोराने नको गं," तो ओरडला.

भिंतीपलीकडून बायको म्हणाली, "हळूच मारला हो मी. तुमच्या निम्म्यानेही नाही."

पुन्हा मारू का, असं तिने विचारलं. थोरला तापलेल्या गाडीजवळ उभं राहावं तसा त्या रिकाम्या जागेशी उभा होता. त्याने बऱ्याच वेळाने सांगितलं, "नको. थोडा वेळ राहू दे."